ग्रीक डॉक्टर, पुणेरी केसपेपर

बाबांचा खोकला दिवाळीत सुरू झाला आणि संक्रांत आली तरी हलायचं नाव घेईना. "हवा बदललीये ना," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. "धूळ केवढी वाढलीये पुण्यात," हे शेजारच्या काकूंचं. आणि माझं उत्तर? अर्थातच पॅकेज! हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुठल्याही कर्तव्यदक्ष कन्येप्रमाणे मी डिस्काउंटमध्ये एक 'फुल बॉडी चेकअप' बुक करून टाकलं. सकाळी सातला एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ हजर. बारा पानं, रंगीत आलेख. कोलेस्टेरॉल जरा वर, ड जीवनसत्त्व जरा खाली, बाकी सगळं हिरवंगार. टेन्शन खल्लास!

खोकला मात्र होताच. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी येताना बाबा आता दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले होते. मोबाइल बघतोय असं दाखवायचे. ते दम खातायत हे मला कळायला महिना गेला.

शेवटी त्यांना आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. सदाशिव पेठ, लाकडी जिना, वर दोन बाकं आणि भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. डॉक्टरांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. मी मोठ्या ऐटीत पीडीएफ पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली, "छान" म्हणाले, मोबाइल परत दिला आणि बाबांचा हात हातात घेतला. मला वाटलं नाडी बघतायत. ते नखं बघत होते.

"अहो, दोन्ही हातांची ही बोटं एकमेकांना लावा बघू. नखाला नख, पाठीला पाठ."

बाबांनी लावली. डॉक्टर मला म्हणाले, "आता तू लाव." मीही लावली. माझ्या दोन नखांच्या मुळाशी एक छोटीशी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसत होती. बाबांच्या बोटांत ती फट नव्हती. नखं फुगीर झाली होती, घड्याळाच्या काचेसारखी, आणि बोटांची टोकं जाड. मी रोज त्या हातांकडून चहाचा कप घेत होते. मला कधी दिसलं नव्हतं.

"छातीचा फोटो काढून आणा. आजच," डॉक्टर म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी विषय बदलला. "ही खूण पहिल्यांदा कुणी लिहून ठेवली माहितीये? हिपोक्रेटिसनं. चोवीसशे वर्षं झाली."

बोटं बोलतात!

तर मंडळी, वाचता वाचता तुम्हीही एव्हाना बोटं जुळवून बघितली असणारच! ही नखांची चाचणी तशी अलीकडची. लिओ शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञानं ती १९७६मध्ये मांडली. तीही स्वतःच्या बोटांवरून, स्वतःच्या हृदयाला संसर्ग झालेला असताना. पण फुफ्फुसात पू झालेल्या रुग्णाची नखं वाकतात, बोटं गरम लागतात, हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात आहे. म्हणूनच डॉक्टर मंडळी अशा बोटांना आजही 'हिपोक्रेटिक फिंगर्स' म्हणतात. फट दिसली नाही तर लगेच घाबरू नका, काहींची नखं जन्मापासून तशीच असतात. पण गूगलवर डॉक्टर होण्यापेक्षा खऱ्या डॉक्टरला दाखवा.

हा माणूस होता कोण? इसवी सनपूर्व ४६०च्या सुमारास कोस नावाच्या एका ग्रीक बेटावर जन्मला. त्याच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत, पण ते सगळे एकट्याचे नाहीत. अनेक हातांनी, अनेक वर्षं लिहिलं, आणि पुढे सगळं 'हिपोक्रेटिस' या एका ब्रँडखाली जमा झालं. आपल्याकडे नाही का, कुठलाही चांगला विनोद शेवटी पुलंच्या नावावर जातो!

हे ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे थर्मामीटर नव्हता, स्टेथोस्कोप नव्हता, रक्त तपासायची सोय नव्हती. होते ते डोळे, कान, नाक, हात आणि भरपूर वेळ. त्या तुटपुंज्या सामानावर त्यांनी जे उभं केलं, त्यातलं बरंचसं आजही सदाशिव पेठेतल्या त्या क्लिनिकमध्ये चालू आहे. हे मला बाबांच्या आजारानं शिकवलं.

बरे झाले नाहीत, तेही लिहा

पहिली गोष्ट म्हणजे केसपेपर. कुठल्याही दवाखान्यात आपण खिडकीशी उभं राहून जो काढतो, तोच.

हिपोक्रेटिसच्या 'साथी' या ग्रंथसंचात बेचाळीस रुग्णांची तपशीलवार टिपणं आहेत. कितव्या दिवशी ताप चढला, लघवीचा रंग कसा होता, झोप लागली का, बडबड केली का. रुग्णांची नावं आहेत आणि पत्तेही! फिलिस्कस नावाच्या रुग्णाचा पत्ता म्हणजे गावच्या तटाजवळ. अगदी आपल्या 'शनिपाराच्या अलीकडे' स्टाइल. हा फिलिस्कस सहाव्या दिवशी गेला. त्याचा श्वास शेवटी कसा अडखळत, मध्येच आठवण झाल्यासारखा येत होता, हे त्या टिपणात आहे. अशा श्वासाला आधुनिक वैद्यकानं नाव दिलं ते १९व्या शतकात.

आता खरी कमाल ऐका. या बेचाळीसांपैकी पंचवीस जण दगावले. लिहिणाऱ्यानं ते लपवलं नाही. आपल्या ऑफिसात एखादा प्रोजेक्ट फसला की प्रेझेंटेशनमधून ती स्लाइड कशी अलगद गायब होते, ते आठवा. इथे एक डॉक्टर साठ टक्के अपयश पुढच्या पिढीसाठी शांतपणे नोंदवून ठेवतोय. पुढच्याला उपयोग होईल एवढ्यासाठी.

आमच्या डॉक्टरांनी बाबांच्या केसपेपरवर त्या दिवशी दीड पान लिहिलं. खोकला कधीपासून, कधी जास्त, रात्री की सकाळी, गावाला गेल्यावर कमी होतो का. या शेवटच्या प्रश्नावर बाबा थबकले. "हो की! डिसेंबरमध्ये बहिणीकडे दहा दिवस वाईला होतो. तिथं जवळजवळ गेलाच होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरात काय आहे?"

हवा, पाणी, जागा

आपण मराठीत सहज म्हणून जातो, 'तिथलं हवापाणी मानवलं नाही'. हिपोक्रेटिसच्या संग्रहातल्या एका प्रसिद्ध ग्रंथाचं नावच मुळी 'हवा, पाणी, जागा' असं आहे. त्यातला फंडा साधा आहे. नव्या गावात आलेल्या डॉक्टरनं आधी गाव बघावं. वारा कुठून येतो, पाणी दलदलीचं की खडकाळ, ऊन कसं पडतं, लोक खातात-पितात काय, अंगमेहनत करतात की बसून असतात. मग रुग्ण बघावा. थोडक्यात, आजार नुसता शरीरात नसतो, तो पत्त्यातही असतो.

पुण्याला हे वेगळं सांगायला नको. इथली हवा चांगली म्हणून तर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात इकडे मुक्काम हलवायचे. गणेशखिंडीतला त्यांचा वाडा म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. आता त्याच विद्यापीठ चौकात सिग्नलला उभं राहून आपण कुठली हवा घेतो, ते जाऊ द्या.

तर डॉक्टरांनी विचारलं, घरात काय आहे? बाबा म्हणाले, काही नाही. "गॅलरीत?" बाबा गप्प. उत्तर मी दिलं. "कबुतरं."

आई सहा वर्षांपूर्वी गेली. ती रोज सकाळी गॅलरीत मूठभर ज्वारी टाकायची. ती गेल्यावर बाबांनी ते चालू ठेवलं. मूठभराची वाटीभर झाली, दहा कबुतरांची चाळीस झाली. बाबा आरामखुर्ची तिथेच टाकून पेपर वाचायचे. त्यांच्या दिवसातला तो एक तास मला कधी खटकला नाही. उलट वाटायचं, बरं आहे, मन रमतंय.

एक्स-रे झाला, मग एचआरसीटी, मग छातीच्या तज्ज्ञांकडे फुंकर मारायच्या चाचण्या. निदान झालं. कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांवरच्या भुकटीतले कण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले की काही लोकांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या लढाईत फुफ्फुसालाच सूज येते. बराच काळ चाललं तर तिथे व्रण होतात, फुफ्फुस कडक होत जातं. झालेले व्रण पुसता येत नाहीत. पुढचं थांबवता येतं, आणि त्यातला पहिला उपाय म्हणजे त्या हवेपासून दूर होणं. गोळ्या त्यानंतर.

२०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला, तो मी बातम्यांत बघितला होता. 'काय लोक आहेत, कबुतरांवरून भांडतायत,' असं तेव्हा मीच म्हटलं होतं.

'अंगात आलं' ते 'फीट आली'

या माणसाच्या मागे लागल्यावर मी वाचत गेले. आणि एका ठिकाणी थांबले.

ग्रीक लोक अपस्माराला, म्हणजे फीट येण्याला, 'पवित्र आजार' म्हणायचे. देवाचा कोप, देवाचा संचार. हिपोक्रेटिसच्या संग्रहात या विषयावर एक निबंध आहे आणि तो चक्क भांडखोर आहे. लेखकाचं म्हणणं असं, की हा आजार बाकीच्या आजारांइतकाच नैसर्गिक आहे. त्याचं मूळ मेंदूत आहे. ज्यांना उपाय ठाऊक नाही त्यांनी अज्ञान झाकायला देवाला पुढे केलंय. त्यानं दिलेलं शारीरिक कारण आज चुकीचं ठरलंय, पण बोट मात्र बरोबर जागी ठेवलं होतं.

हे वाचताना मला ओंकारेश्वराजवळचा पूल आठवला. डॉ. नरेंद्र दाभोलकर. मिरजेहून एमबीबीएस झालेला, साताऱ्यात प्रॅक्टिस केलेला डॉक्टर. पुढे दवाखाना सोडून त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाला वाहून घेतलं. २० ऑगस्ट २०१३ला, सकाळी फिरायला गेलेले असताना, त्याच पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जादूटोण्याविरुद्धचा जो कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झाला. 'आजाराला कारण असतं, कोप नसतो' हे वाक्य चोवीसशे वर्षं जुनं आहे. ते म्हणायची किंमत आपल्या शहरात अगदी परवा-परवा मोजली गेली.

आणि हो, रस्त्यात कुणाला फीट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक हॉस्पिटल.

बुकरात कॅम्पात राहतो

हिपोक्रेटिसचा पुण्यातला पत्ता हवाय? कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये जा. तिथे युनानी मेडिकल कॉलेज आहे. युनानी म्हणजे काय, तर युनानचं. आणि युनान म्हणजे ग्रीस! ग्रीकांचं वैद्यक बगदादमध्ये अरबीत गेलं, इब्न सिनासारख्या हकिमांनी ते वाढवलं आणि त्यांच्या वारसांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. वाटेत हिपोक्रेटिसचा झाला 'बुकरात'. चार द्रव, म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, यांचा तोल म्हणजे आरोग्य, हा त्याच्या परंपरेतला सिद्धान्त. त्या मिश्रणाला अरबीत म्हणतात 'मिजाज'. आपली मराठी 'मिजास' तिथूनच आली! पुढच्या वेळी दुकानदारानं दुपारी एक ते चार मिजास दाखवली तर खुशाल समजा, हा ग्रीक वारसा आहे.

पण भाबडेपणा नको. या चार द्रवांच्या नावाखाली युरोपात अगदी १९व्या शतकापर्यंत रुग्णांच्या शिरा कापून रक्त काढत होते आणि त्यात माणसं मेलीही. आधुनिक वैद्यकानं तो सिद्धान्त टाकून दिला. बघायची, नोंदवायची आणि चुकलं तर बदलायची सवय तेवढी ठेवली. कुठल्याही वारशाचं हेच करावं, नाही का?

शपथेवर सांगतो...

आता त्या जगप्रसिद्ध शपथेबद्दल. मूळ शपथ ग्रीक देवांना साक्षी ठेवून घ्यायची होती. रुग्णाचं गुपित फोडू नये, कुणाला विष देऊ नये, कुणाच्या घरात शिरलो तर रुग्णाच्या भल्यासाठीच, हे तिच्यात आहे. गुरूच्या मुलांना फुकट शिकवावं हेही आहे. लाखोंच्या फीवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी! गर्भपातासाठी साधन देऊ नये असंही एक कलम आहे. आपल्या देशात १९७१पासून गर्भपाताचा कायदा आहे, त्यामुळे ते आज कुणी जसंच्या तसं घेत नाही. बहुतेक जगात आता १९४८चा जिनिव्हा जाहीरनामा किंवा त्याचीच भावंडं चालतात. त्यात २०१७मध्ये डॉक्टरनं स्वतःच्याही तब्येतीकडे बघावं, अशी भर पडली.

२०२२मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नव्या विद्यार्थ्यांसाठी चरक शपथेची शिफारस केली आणि वाद पेटला. मदुराईच्या सरकारी कॉलेजात तर ती शपथ दिली गेली म्हणून डीनना पदावरून हलवलं आणि काही दिवसांत परत नेमलं. चरकसंहितेतही शिष्याला उपदेश आहे. रुग्णासाठी झटावं, त्याच्या घरातलं बाहेर बोलू नये. राजा ज्यांचा द्वेष करतो त्यांना औषध देऊ नये, असंही त्यात आहे. म्हणजे दोन्ही जुन्या शपथांत घ्यावं असंही आहे आणि सोडावं असंही.

राजा ज्याचा द्वेष करतो, अशा एका रुग्णाची गोष्ट ससूनमध्ये घडली. जानेवारी १९२४. येरवड्यात राजद्रोहाची शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींचं अपेंडिक्स सुजलं. १२ जानेवारीच्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं शस्त्रक्रिया केली. मुंबईहून ओळखीचे डॉक्टर यायला वेळ नव्हता. उपचारांबद्दल तक्रार नाही, असं गांधीजींनी आधी लिहून सही दिली. काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं. साम्राज्याचा नोकर, साम्राज्याचा कैदी, मध्ये एक कंदील. आणि हा रुग्ण कोण? तर 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरांवर सणसणीत टीका करणारा! ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांची सुटका केली. ससूनमध्ये ती खोली आजही जपलेली आहे. मॅडॉकनं कुठली शपथ घेतली होती, हे त्या रात्री कुणी विचारलं नसेल.

फॉरवर्ड करण्यापूर्वी

अन्नालाच औषध माना, हा हिपोक्रेटिसच्या नावानं फिरणारा सुविचार त्याच्या ग्रंथांत सापडत नाही. आधी अपाय करू नका, हे वचन ज्या लॅटिन शब्दांत प्रसिद्ध आहे, ते शपथेत नाही. तशी कल्पना मात्र 'साथी'मध्ये आहे. आणि डॉक्टरांच्या गाडीवरचा स्टिकर नीट बघा. एका काठीला एकच साप असेल तर तो अस्क्लेपियस, वैद्यकाचा देव. दोन साप आणि पंख असतील तर तो हर्मिसचा दंड. आणि हर्मिस हा व्यापाराचा देव! बिल हातात आल्यावर स्टिकर आठवा.

रिकामी गॅलरी

निदान झाल्यावर आम्ही तिघं पुन्हा त्या क्लिनिकमध्ये बसलो होतो. मला वाटलं होतं, डॉक्टर बाबांना रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "ज्वारी कोण टाकायचं आधी?"

"ही," बाबा म्हणाले. आई अजूनही त्यांच्या बोलण्यात 'ही' असते.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसलेले होते, तरीही. मग म्हणाले, "कबुतरं बंद करायची. जाळी लावायची. गॅलरी ओल्या फडक्यानं पुसायची, झाडायची नाही, आणि तुम्ही तर तिकडे जायचंच नाही. जे गेलंय ते परत येणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण उरलंय ते पुष्कळ आहे. ते आपण सांभाळू." आणि केसपेपरवर खाली काहीतरी लिहिलं.

रोग ओळखा, पुढे काय होणार ते रुग्णाला खरं सांगा, आणि बरं करता येत नसेल तरी सोबत राहा. कोस बेटावरून निघालेलं सामान हे एवढंच, आणि ते कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही. माझी पीडीएफ खोटी नव्हती. तिच्यात छापलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. बाबांकडे कुणी बघितलं नव्हतं एवढंच. त्यात मीही आले.

जाळी लावून आता चार महिने झाले. खोकला खूप कमी आहे. जिन्यात बाबा अजून थांबतात, पण मोबाइलचं नाटक न करता थांबतात आणि मीही थांबते. सकाळी कबुतरं जाळीबाहेर येऊन बसतात, थोडा वेळ घुमतात, उडून जातात. बाबा हॉलमधल्या खुर्चीतून बघत राहतात.

परवा केसपेपर फाइलला लावताना खालची ओळ वाचली. डॉक्टरांचं अक्षर लागायला वेळ लागला. औषधांच्या यादीनंतर त्यांनी लिहिलं होतं : 'गॅलरीऐवजी सकाळी तास कुठे घालवणार? पुढच्या वेळी विचारणे.'